कोण कोणास म्हणाले?

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीच्या निकाहला गेले होते. आमच्या माहीमलाच. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हे पालघरचे माहीम, केळव्याला खेटून असलेले. मांडवात पुरुष, आतल्या खोलीत आम्ही बायका आणि मधोमध नवरी. थोड्या वेळाने वकील आणि दोन गवाह आत आले. मुलाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, मेहरची रक्कम सांगून त्यांनी विचारले, कबूल आहे का? ओढणी नाकापर्यंत ओढलेली, मान खाली. शेजारची खाला म्हणाली, "हां बोल बेटा." ओठ हलले असावेत. माझ्यापर्यंत आवाज आला नाही आणि मी तिच्या अगदी बाजूला बसले होते. सह्या झाल्या, गवाह बाहेर गेले.

मग कर्ण्यावरून खुतबा ऐकू आला आणि शेवटी दुआ. आपल्याकडच्या निकाहांत ही दुआ ठरलेली असते. या दोघांमध्ये अशी मोहब्बत दे जशी आदम आणि हव्वा यांच्यात होती, इब्राहीम आणि सारा यांच्यात होती, यूसुफ आणि जुलेखा यांच्यात होती, हजरत मुहम्मद (स.) आणि खदीजा यांच्यात, अली आणि फातिमा यांच्यात होती. खोलीतल्या सगळ्याजणी आमीन म्हणाल्या. माझ्या मागे नववीतली एक मुलगी बसली होती. तिने माझा पदर ओढून हळूच विचारले, "टीचर, जुलेखा म्हणजे तीच ना, कुर्ता फाडणारी? मग तिचं नाव दुआत कशाला?"

दोघी-तिघी हसल्या. मी म्हटले, नंतर सांगते. खरे म्हणजे त्या क्षणी मला सांगता आले नसते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. दोन्ही भाषांच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असतो : पुढील वाक्य कोण कोणास म्हणाले? दोन गुणांचा प्रश्न. पाठ न वाचता आलेली मुले तो अंदाजाने सोडवतात. त्या मुलीच्या शंकेवर विचार करताना मला वाटू लागले की प्रेम आणि स्त्री यांबद्दलचे आपले जुने साहित्य वाचताना हाच प्रश्न विचारायला हवा होता आणि तो आपण कधी विचारला नाही.

सुरुवात कुराणापासून करते. सूरा यूसुफ ही बारावी सूरा, 111 आयतींची. एकाच नबीची गोष्ट सलग, आरंभापासून शेवटापर्यंत सांगणारी. तीत जुलेखा हे नाव नाही. तिचा उल्लेख 'अझीजची बायको' असा येतो. यात तिचा काही खास अपमान नाही, कारण कुराणात नावानिशी आलेली स्त्री एकच, हजरत मरियम. हव्वाचे नाव नाही, सबाच्या राणीचेही नाही.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गुलाम म्हणून विकत आणलेला यूसुफ घरात मोठा होतो, मालकीण त्याच्यावर भाळते, दारे लावून घेते, तो पळतो, ती मागून त्याचा सदरा ओढते, सदरा फाटतो आणि दारात नवरा उभा. सदरा पुढून फाटला असेल तर दोष त्याचा, मागून फाटला असेल तर तिचा, असा निवाडा घरातलाच एक साक्षीदार सुचवतो. तो मागून फाटलेला असतो. इथे एक वाक्य येते, बायकांच्या कारस्थानाबद्दलचे. तुम्हा बायकांचे डाव फार मोठे असतात, अशा अर्थाचे. हे वाक्य मी लहानपणापासून किती तोंडांतून ऐकले असेल! वाजमध्ये, भांडणात, सासू-सुनेच्या कुरबुरीत. 'खुद्द कुराणात म्हटले आहे' असे सांगून ते ऐकवतात. आता लावा प्रश्न. कोण कोणास म्हणाले? अझीज, आपल्या बायकोला. भर दुपारी घराची अब्रू गेलेला एक नवरा संतापून बोलतो आहे. काही मुफस्सिरांच्या मते ते साक्षीदाराचे वाक्य आहे. पण अल्लाहने साऱ्या स्त्रीजातीवर दिलेला निकाल म्हणून जे आपण ऐकत आलो, ते गोष्टीतल्या एका पात्राचे तोंडचे वाक्य आहे. एका बाईचे वागणे पाहून त्याने बहुवचन वापरले. नवरे वापरतातच.

आणि ती स्वतः काय बोलते? मोजून पाहिले. यूसुफला ती बोलावते. नवऱ्याला खोटे सांगते, उलटा आळ घेते. शहरातल्या बायका कुजबुजू लागतात तेव्हा त्यांना घरी बोलावून, हातात सुऱ्या देऊन, यूसुफला समोर आणते. त्यांची बोटे कापली जातात आणि ती म्हणते की होय, मीच त्याच्या मागे लागले होते, हा बधला नाही, आता ऐकले नाही तर तुरुंगात जाईल. म्हणजे खरे सांगते, पण धमकीसह. शेवटी पुष्कळ वर्षांनी राजा चौकशी करतो तेव्हा भर दरबारात, कोणी जबरदस्ती केलेली नसताना, ती सारा दोष स्वतःवर घेते आणि यूसुफला निर्दोष ठरवते. एकच बाई एका माणसाला आर्जव करते, एकाला खोटे सांगते, मैत्रिणींना अर्धे खरे आणि राजाला पूर्ण खरे सांगते. इतक्या थोड्या आयतींत एवढा बदल झालेले दुसरे पात्र त्या सूरेत मला दिसत नाही. यूसुफ तर पहिल्यापासूनच चांगला आहे.

तिला नाव आणि निकाह दोन्ही पुढे मिळाले. इतिहासकार तबरी, जो 923 मध्ये बगदादला वारला, त्याने नोंदवलेल्या रिवायतीत तिचे नाव राईल आहे. अझीज मेल्यावर राजाने तिचा यूसुफशी विवाह लावून दिला आणि त्यांना दोन मुलगे झाले, असेही त्यात येते. हल्ली काही आलिम म्हणतात की हे सारे इस्राईली रिवायतींतून आलेले, याला पक्का आधार नाही, म्हणून दुआत जुलेखाचे नाव घेऊ नये. त्यांचे म्हणणे इल्मच्या दृष्टीने चुकीचे नाही. पण मी इथे साहित्याबद्दल बोलते आहे आणि साहित्याने तिला सोडले नाही.

जुलेखाला तिची पूर्ण गोष्ट दिली ती फारसी शायरांनी. त्यात सर्वांत गाजलेली मसनवी हेरातच्या जामीची, 1483 ची. जामीने गोष्टीचा आरंभच बदलला. यूसुफच्या आधी जुलेखा यूसुफला पाहते, स्वप्नात. ती मगरिबच्या राजाची मुलगी. तीनदा स्वप्न पडते, तिसऱ्या वेळी तो सांगतो की मी मिसरचा अझीज आहे. ती बापाकडे हट्ट धरून मिसरला लग्न करून जाते आणि तिथे तंबूच्या फटीतून नवऱ्याला पाहते. हा तो नाही! केवढा घात. ज्या मुलीने स्वतःच्या मनाने निवडले, तिची निवड नावातल्या घोटाळ्याने दुसऱ्याच्या पदरात पडली. म्हणजे जामीच्या जुलेखाने परपुरुषाचा मोह धरला असे म्हणता येत नाही. तिचा पुरुष पहिल्यापासून यूसुफच होता, नवरा मधे आला.

आणि मग किंमत. अझीज मरतो, संपत्ती जाते, ती म्हातारी होते, रडून रडून आंधळी होते, यूसुफची स्वारी जाते त्या वाटेवर झोपडी बांधून घोड्यांच्या टापा ऐकत बसते. शेवटी ती आपली मूर्ती फोडते, एका खुदाला शरण जाते, यूसुफच्या दुआने तारुण्य आणि दृष्टी परत मिळते, निकाह होतो. पण गोष्ट इथे संपत नाही आणि मला सर्वांत आवडणारा भाग इथूनच सुरू होतो. निकाहनंतर जुलेखाचे मन इबादतीत रमते. आता यूसुफ तिच्या मागे येतो आणि ती निसटते. तो मागून तिचा कुर्ता धरतो, कुर्ता फाटतो. हिशोब चुकता झाला. नववीतल्या मुलीला हे माहीत नव्हते की कुर्ता दोनदा फाटला. मलाही कॉलेजात कोणी सांगितले नव्हते.

ही गोष्ट आपल्या दख्खनमध्ये पोहोचली तेव्हा इथली बोली बोलू लागली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्याला शेख अहमद गुजरातीने दकनीत यूसुफ-जुलेखा लिहिली. विजापूरच्या सय्यद मीरां हाश्मीने सतराव्या शतकाच्या शेवटी, औरंगजेबाने 1686 मध्ये विजापूर घेतल्याच्या आगेमागे. हाश्मी दृष्टिहीन होता असे सांगतात आणि त्याची ख्याती आहे ती बायकांच्या बोलीसाठी. जनानखान्यातले टोमणे, लाडिक रुसवे, दागिन्यांची आणि कपड्यांची नावे, हे सारे त्याच्या कवितेत बाईच्या तोंडून येते. डोळ्यांनी न पाहणाऱ्या माणसाने कानांनी काय काय टिपले असेल, याचे मला नेहमी नवल वाटते.

दकनीत स्त्रीने स्वतः प्रेम बोलून दाखवणे हे वावगे नव्हते. फारसीत आशिक पुरुष आणि माशूक गप्प. इथल्या मातीत उलट. इथे विरहिणी बोलते, सजणाची वाट पाहते, सखीपाशी तक्रार करते. आपल्या गवळणीत आणि विराण्यांत जो आवाज आहे, ज्ञानदेवांनीही जो आवाज उसना घेतला, तोच गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह घेतो. सुलतान बाई होऊन बोलतो! दकनीने मराठीकडून 'नको' घेतला, जोर द्यायचा 'च' घेतला, हे सगळे सांगतात. मला वाटते तिने मराठीच्या शेजारात राहून बोलणारी बाईही घेतली, किंवा दोघींनी ती एकाच ठिकाणाहून घेतली.

पुढे औरंगाबादचा वली 1700 मध्ये दिल्लीला गेला आणि वीसेक वर्षांनी त्याचा दीवान तिथे पोहोचला. दिल्लीवाल्यांनी तो डोक्यावर घेतला आणि उर्दू गझलेचा जमाना सुरू झाला. पण त्याच दिल्लीने थोड्याच वर्षांत 'सजन', 'मोहन' असे शब्द गावंढळ म्हणून काढून टाकायला घेतले. शब्दांबरोबर बाईही गेली. याचे कारण निम्मे व्याकरणाचे आहे. फारसीत क्रियापदाला लिंग नसते. तो आला की ती आली, हे फारसीत कळतच नाही. ही फारसी रीत उर्दूत आली तेव्हा क्रियापदाला काही तरी लिंग देणे भाग होते. दिल्लीने पुल्लिंग दिले. त्यात पडदाही सांभाळला गेला, कोणाच्या घरातल्या बाईचा उल्लेख झाला असे होत नाही, आणि माशूक म्हणजे खुदा असा सूफी अर्थ लावायलाही जागा राहिली. दरवर्षी वर्गात गझल शिकवताना कोणीतरी विचारतेच की टीचर, हा तर 'आता है' म्हणतो, मग मुलगा मुलावर प्रेम करतो का? मी रूढी समजावून सांगते. वर्ग हसतो. पण दोनशे वर्षे आपल्या सर्वांत सुंदर काव्यात स्त्रीला डोळे होते, जुल्फे होती, क्रियापद मात्र नव्हते, ही हसण्यासारखी गोष्ट नाही.

नाही म्हणायला एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी लखनौला रेख्ती आली. रंगीन आणि इन्शा यांनी बेगमांच्या बोलीत, बाईच्या तोंडून काव्य केले. त्यांच्यामागून आलेला जान साहब तर मुशायऱ्यात ओढणी घेऊन, बायकी हावभाव करत वाचायचा, असे सांगतात. साधारण त्याच काळात इकडे पुण्यात लावणी बहरात होती आणि तिच्या मोठ्या शाहिरांपैकी एक आपला सगनभाऊ. जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. त्याच्या लावणीत बाई बोलते, रुसते, मागणी करते, आणि फडावर ती सादर करणारा नाच्या पोऱ्या. रेख्ती आणि लावणी दोन्हींतली भाषा मला मनापासून आवडते. बायकांचे कितीतरी शब्द त्यांच्यामुळे जपले गेले. तरी प्रश्न लावून पाहिला की उत्तर एकच निघते : पुरुष पुरुषांना म्हणाले, बाईचा आवाज काढून.

आता रुक्मिणीकडे येते. मुसलमान बाईला रुक्मिणीचे काय पडले, असे कोणी विचारू नये. मी मराठीची शिक्षिका आहे, जुने मराठी काव्य तिच्याशिवाय शिकवताच येत नाही.

वऱ्हाडातल्या कौंडिण्यपूरची ही राजकन्या. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिची गोष्ट आहे. भाऊ रुक्मी तिचे लग्न शिशुपालाशी ठरवतो. तिने कृष्णाला पाहिलेले नाही, फक्त ऐकलेले आहे. जामीची जुलेखा स्वप्नावर भाळली, ही कीर्तीवर. ती एका ब्राह्मणाबरोबर कृष्णाला निरोप धाडते. त्यात नुसता जीव लावलेला नाही, पूर्ण योजना आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेरच्या देवीच्या देवळात जाईन, तिथून मला ने, म्हणजे घरात घुसून माझ्या माणसांना मारावे लागणार नाही. किती व्यवहारी मुलगी! पळून जातानाही माहेरच्यांचा जीव वाचवायची तजवीज करते.

मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदाइसा. महानुभाव पंथातली. तिचे 'धवळे' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगी गाइलेले. विषय रुक्मिणीचाच. म्हणजे मराठीत बाईने पहिली मोठी कविता केली ती स्वतः नवरा निवडणाऱ्या बाईवर. पाठोपाठ नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' आले, यादवांच्या काळातच. राजा रामदेवरावाने हे काव्य माझ्या नावावर कर म्हणून सोन्याचे आमिष दाखवले आणि नरेंद्राने नकार दिला, अशी आख्यायिका महानुभावांच्या ग्रंथांत आहे.

धवळा हा शब्द आमच्या भागात अजून जिवंत आहे, हे बाहेरच्या वाचकांना सहसा माहीत नसते. पालघर, डहाणू, जव्हारकडच्या वारली लग्नात धवलेरी लागते. ती बाई असते. तिने गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही, भिंतीवर चौक लिहून पालघट देवी बसवतात तिथेही तिचीच गाणी. उत्तर कोकणात आगऱ्यांच्या लग्नातही धवलारीण असते. लग्न लावणारी बाई, तेही गाऊन! लहानपणी माहीमच्या आसपासच्या पाड्यांवरून रात्रभर ढोल ऐकू यायचा, त्यात तिचाही आवाज मिसळलेला असणार. तेव्हा कळत नव्हते की सातशे वर्षांपूर्वीचा शब्द कानावर पडतो आहे.

सर्वांत जास्त वाचले गेले ते एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर', 1571 मध्ये काशीला पूर्ण झालेले. एकनाथांनी त्यात जामीने केले तेच केले, एकमेकांचे काही वाचलेले नसताना. रुक्मिणी म्हणजे जीव, कृष्ण म्हणजे शिव, लग्न म्हणजे ऐक्य. जुलेखा म्हणजे तालिब, यूसुफ म्हणजे हकीकतचा जमाल. बाईची इच्छा देवाच्या वाटेने नेली की ती सगळ्यांना चालते. नुसती इच्छा म्हणून ठेवली असती तर ही पुस्तके घराघरांत गेली असती का? मला शंका आहे. तरी दोघांनाही दोष द्यावासा वाटत नाही, कारण रूपक आले तरी त्यांनी बाईचे बोलणे कापले नाही.

आणि पुढचे वाचा. महाराष्ट्रात ज्या मुलीचे लग्न जमत नाही तिने एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचे पारायण करावे, अशी प्रथा आहे. माझ्या ओळखीच्या घरांतही झालेली आहेत ही पारायणे. घरच्यांनी ठरवलेले लग्न मोडून पळालेल्या मुलीची पोथी वाचायची, कशासाठी, तर घरच्यांनी पाहिलेले स्थळ जुळावे म्हणून. आपल्याकडे जुलेखाचे तेच. मुलीच्या मनात कोण आहे हे कोणी विचारत नाही आणि दुआत मात्र त्या बाईचे नाव घेतात जिने ते भर दरबारात सांगितले.

त्या निकाहनंतर मी आईची जुनी पेटी उघडली. तिच्या जहेजमध्ये कुराणशरीफबरोबर 'बहिश्ती जेवर' आले होते. उत्तर हिंदुस्थानापासून आपल्यापर्यंत कितीतरी मुली हे पुस्तक घेऊन सासरी गेल्या. मौलाना अशरफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले. मुलींना लिहायला-वाचायला शिकवा, पत्र कसे लिहावे, हिशोब कसा ठेवावा, हे त्यांनी त्या काळात सांगितले आणि ते फार मोठे काम होते. माझ्या आईची उर्दू त्याच पुस्तकावर पक्की झाली. पण त्यातच एक यादी आहे, बायकांनी कोणती पुस्तके वाचू नयेत याची. गझलांचे दीवान, इंदरसभा, बकावलीचा किस्सा, अलिफ लैला. मुलींना शहाणपण शिकवण्यासाठी 1869 मध्ये लिहिलेली डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस'सुद्धा त्यांच्या कसोटीला पूर्ण उतरली नाही. आणि यादीत आहे 'तफसीर सूरा यूसुफ', त्या काळी लोकांत वाचली जाणारी. कारणे दोन दिली आहेत. एक, त्यात कच्च्या रिवायती आहेत. दुसरे, आशिकी-माशुकीच्या गोष्टी बायकांनी ऐकणे-वाचणे नुकसानीचे.

पहिले कारण मला पटते. दुसऱ्यावर मी बराच वेळ पेटीजवळ बसून राहिले. एकाच दिवशी, एकाच मुलीच्या निकाहात, मांडवात जुलेखाचे नाव दुआत आणि आत पेटीतल्या पुस्तकात तिची गोष्ट वाचू नकोस असा सल्ला. नाव चालते, गोष्ट चालत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असे मात्र समजू नये. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. पोथ्यांत आणि त्यांच्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत रंगवलेल्या बायका पाहून त्या इतक्या चिडल्या होत्या की त्यांनी लिहिणाऱ्यांनाच उभे करून विचारले, दुर्गुण सगळे बाईचेच कसे? अझीजच्या त्या वाक्याला मराठीत 'स्त्रीचरित्र' म्हणतात. ताराबाईंनी हाच प्रश्न विचारला होता, कोण कोणास म्हणाले. त्यांना उत्तर मिळाले ते टीकेचे आणि त्यांचे दुसरे पुस्तक आपल्यापुढे आले नाही.

आता कोणी म्हणेल की टीचर, ही काव्ये झाली, दीनमध्ये काय आहे ते सांगा. सांगते. खनसा बिन्त खिदाम यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला. त्या पैगंबरांकडे (स.) गेल्या आणि तो निकाह रद्द झाला. हे बुखारीत आहे. बरीरा नावाची बांदी आझाद झाली आणि तिने आपल्या नवऱ्यापासून, मुगीसपासून, वेगळे व्हायचे ठरवले. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे रडत फिरायचा, दाढी आसवांनी भिजायची. पैगंबरांना (स.) त्याची दया आली, त्यांनी बरीराला विचारले की परत जाशील का. तिने विचारले, हा हुकूम आहे का? नाही, फक्त शिफारस आहे. मग मला त्याची गरज नाही, असे तिने सांगितले. आणि ते मान्य झाले. प्रेम करणाऱ्या पुरुषाबद्दल पूर्ण हमदर्दी आणि बाईचा नकार पूर्ण कायम. हीही बुखारीतलीच हदीस. ही मी कुठल्या वाजमध्ये ऐकलेली नाही.

आणि दुआत जिचे नाव येते त्या हजरत खदीजा (रजि.). त्यांनी नफीसा नावाच्या मैत्रिणीकरवी स्वतः पैगाम पाठवला होता. मधस्थ बाई, विचारणारीही बाई.

कुमारी मुलगी लाजते म्हणून तिचे गप्प राहणे हाच होकार, ही हदीसही मला ठाऊक आहे. ती मुलींच्या भल्याची आहे, लाजरीवर बोलण्याची सक्ती नको म्हणून. पण लाजून गप्प राहणे आणि घाबरून गप्प राहणे यांतला फरक ओळखायचा कोणी? वकील तर दारात उभा असतो, त्याला ओढणी दिसते.

रविवारी माझ्याकडे चार-पाच मुली वाचायला येतात. त्यात ती नववीतली होती. मी सूरा यूसुफचा उर्दू तर्जुमा काढला आणि त्यांना एक कागद दिला. सूरेतली बारा वाक्ये, पुढे रिकामी जागा : कोण कोणास म्हणाले? बायकांच्या कारस्थानाचे वाक्य पहिलेच ठेवले होते. पाचपैकी तिघींनी 'अल्लाह, बंद्यांना' असे लिहिले. मग आयत वाचून खोडले.

शेवटचे वाक्य मुद्दाम अवघड दिले होते. दरबारातल्या कबुलीच्या लगेच पुढचे, मी स्वतःला निर्दोष म्हणत नाही, मन वाईटाकडेच ओढते, अशा अर्थाचे. 'नफ्से-अम्मारा' हा शब्द तिथलाच. सूफींनी पुढे नफ्सबद्दल जे जे लिहिले त्याचे मूळ या आयतीत सापडते. पुष्कळ मुफस्सिर, तबरीसुद्धा, हे वाक्य यूसुफचे मानतात. पण दमास्कसचे इब्ने कसीर, जे 1373 मध्ये वारले, आणि त्यांच्याही आधी इब्ने तैमिया, हे वाक्य अझीजच्या बायकोचे मानतात. त्यांचे म्हणणे साधे आहे. आधीचे वाक्य तिचे आहे, बोलणे सलग चालू आहे आणि यूसुफ तर अजून तुरुंगातच आहे.

चौघींनी यूसुफ लिहिले होते. कुर्त्याबद्दल विचारणारीने 'ती, राजाला' असे लिहून पुढे कंसात प्रश्नचिन्ह काढले होते.

"टीचर, बरोबर कुठलं?"

मी तिला दोन्ही तफसीरी दाखवल्या आणि पाचही कागदांवर दोन गुण दिले. तिने तिचा कागद परत मागून घेतला, प्रश्नचिन्ह खोडले आणि नाव लिहायला जागा नव्हती तिथे, ओळीच्या वर, बारीक अक्षरात 'जुलेखा' लिहिले.